फायनलच्या स्क्रीनिंगचा रिव्ह्यू: रस्सा नाद खुळा, पण गोल शेजारच्या गल्लीत आधी होतोय

२०२२ ची फुटबॉल वर्ल्ड कप फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, जिथं बघितली त्या कोल्हापुरातल्या गार्डन हॉटेलबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, मालक ओळखीचे आहेत आणि खालचं निम्मं त्यांना तोंडावर सांगून झालंय. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कशाचा कापला ते सांगतो, पण आधी जे भारी होतं ते.

रविवार १८ डिसेंबर, मॅच रात्री साडेआठला, गेट सहाला उघडलं. एन्ट्री माणशी तीनशे आणि त्यात मटण थाळी, म्हणजे मॅच फुकटच म्हणायची. माझं म्हणणं एवढंच की असल्या ठिकाणी साडेआठला जायचंच नाही, सहालाच जायचं, कारण मॅच चालू झाली की माणूस निदान मॅच तरी बघतो, त्याच्या आधी नुसता तडफडत असतो आणि ते तडफडणं चारशे लोकांत बसून करायला जी मजा आहे ती घरी सोफ्यावर नाही.

डाव्या बाजूला आम्ही अर्जेंटिनावाले, उजवीकडे पिवळे जर्सीवाले. होय, पिवळेच! ९ तारखेला क्रोएशियानं पेनल्टीवर ब्राझीलला घरी पाठवलं आणि पेठेतले सगळे ब्राझीलवाले एका रात्रीत फ्रान्सचे झाले, निव्वळ ईर्षेपोटी. त्यातही त्यांची गोची होतीच. फ्रान्स जिंकला तर २०१८ चा धरून लागोपाठ दोन कप, आणि ते १९५८ आणि १९६२ च्या ब्राझीलनंतर कुणाला जमलेलं नाही. त्यांच्यातल्या एका काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे रेकॉर्ड, पण मेस्सीच्या हातात कप नको." आता ह्याला काय बोलणार!

मालकांची सगळ्यात भारी आयडिया म्हणजे गेटजवळचा पांढरा बोर्ड. नाव लिहायचं, स्कोअर लिहायचा, बरोबर आला तर एक थाळी फुकट. सात वाजेपर्यंत बोर्डवर जागा उरली नव्हती. त्याच दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं, त्यामुळे गावाकडनं आलेले बरेच जण बोटाला शाई घेऊन उभे, एका तोंडानं सरपंच कोण होणार ते सांगतायत आणि दुसऱ्या तोंडानं २-१. आमच्यातल्या कुणीही 'अर्जेंटिना जिंकणार' असं मोठ्यानं म्हणायचं नाही असा दम भरलेला होता. याच वर्ल्ड कपात सौदीनं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं ती मॅच ज्याच्या घरी बघितली होती त्या मित्राला तर ग्रुपनं टेबलावर घेतलंच नाही, बिचारा एकटा फ्रान्सवाल्यांच्यात बसलेला, आणि तोही निमूट बसला कारण त्यालाही ते पटलेलं! दुसरा एक मेक्सिकोच्या मॅचपासून न धुतलेली जर्सी घालून आला होता, त्याच्या शेजारी बसायला काळीज पाहिजे.

लाईनअप आली तेव्हा खरा दंगा झाला. अर्जेंटिनाचा विंगर डी मारिया पहिल्या अकरात, तेही डावीकडनं. अर्धे म्हणतायत अनफिट माणसाला कशाला उतरवतायत, २०१४ च्या फायनलला पण तो दुखापतीमुळे बाहेरच होता, पुन्हा तसलं काहीतरी व्हायचं. मागच्या टेबलावरचा एक पोरगा मात्र शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, "बीजिंग ऑलिम्पिक फायनल गोल, माराकानावर ब्राझीलविरुद्ध कोपा फायनल गोल, यंदा वेम्बलीवर इटलीविरुद्ध गोल. आज पण टाकणार." बोर्डवर त्यानं स्कोअर नाही, नुसतं 'डी मारिया' लिहिलं होतं. ३६ व्या मिनिटाला डी मारियानं गोल टाकला आणि सगळं टेबल त्या पोराच्या पाया पडलं, खरंच. फ्रान्सवाले त्यांच्या कॅम्पात ताप आणि सर्दी पसरलीय म्हणून आधीच कारणं तयार ठेवत होते ते वेगळं. दीपिका पदुकोण आणि स्पेनचा माजी कॅप्टन कासियास कप घेऊन आले तेव्हा दोन्ही बाजूंनी शिट्ट्या पडल्या, अख्ख्या रात्रीत एकमत तेवढंच.

आता जेवण. तांबडा झणझणीत, पांढरा तर अगदी घरच्यासारखा, सुकं जरा कमी वाढतात. पण खाणार कोण? ताट समोर येऊन अर्धा तास झाला तरी तसंच, डिसेंबरच्या गारठ्यात तांबड्यावरची चरबी गोठून पांढरी कड धरली होती आणि लोक वाटीकडं न बघता नुसता चमचा फिरवत स्क्रीनकडं बघतायत. वाढपी मामांनी काही न बोलता वाट्या उचलल्या, गरम करून परत आणल्या, टेबलावर नाही ठेवल्या, हातात दिल्या आणि म्हणाले, "प्या रं, राष्ट्रगीतं व्हायच्या आत." अर्धा स्टार फक्त मामांचा.

आता दीड स्टारचं. स्क्रीन मोठी, चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, पण मॅच चालू होती वायफायवर मोबाईलच्या ॲपवरनं. आणि कंपाउंडच्या पलीकडच्या गल्लीत मंडळाच्या पोरांनी साधी डिश लावलेली, ती आपल्यापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट पुढं. मेस्सी इकडं पेनल्टीला बॉल ठेवतोय आणि गल्लीत फटाके! बरं वाटलं, पण मजा गेली. ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बाप्पेचा गोल आम्ही आधी कानानं ऐकला मग डोळ्यानं बघितला, आणि अजून कपाळाला हात लावून बसलोय तोवर गल्लीतनं दुसरी आरोळी. पुढचा अर्धा मिनिट काय अवस्था असते सांगू? काहीतरी वाईट होणार हे माहितीय, कुठनं होणार ते बघत बसायचं. १२० मिनिटं संपल्यावर फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा पुढं आला तेव्हा आख्ख्या जगाचा श्वास अडकला असंल, आमचा नाही, कारण गल्लीतनं आधीच "अरेरेरे" ऐकू आलं होतं. आमच्या गोलकीपर मार्टिनेझनं पाय घातला तो बघायचा तेवढा राहिला होता. असली काटाकिर्र मॅच, आणि धाकधूक पण सेकंड हँड! पेनल्टी चालू व्हायच्या आधी निम्मी पोरं भिंतीवरनं उड्या टाकून गल्लीत गेली, तीनशे रुपये भरून फुकटच्या टीव्हीसमोर ब्राझीलवाल्यांच्यात उभी राहिली. मीही गेलो.

बाकी पार्किंग ठीक, मोबाईलला रेंज नाही, बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे आणि स्वच्छ होतं.

राहिला बोर्ड. ९० मिनिटांना २-२, १२० ला ३-३, पेनल्टी ४-२, आणि कुठला स्कोअर धरायचा हे मालकांनी कुठं लिहिलंच नव्हतं. २-२ वाले पाच-सहा जण काउंटरवर, ३-३ लिहिणारं शाळेतलं एक पोरगं बापाचा हात धरून उभं, आणि ४-२ वाले एक काका म्हणतायत पेनल्टी पण स्कोअरच असतो की! पावणेबाराला पण मिटलं नव्हतं. शेवटी मालकांनी पोराला थाळी दिली आणि बाकीच्यांना सोलकढी. काका सोलकढी न घेताच गेले.