कार्डावरची टिप गल्ल्यात कशी जिरते

नागपुरात सीताबर्डी असो, धरमपेठ, सदर की वर्धा रोड, वेटरची टिप खाण्याची रीत साधारण एकच आहे. बिल होतं 1,840. गिऱ्हाईक कार्ड देतं आणि म्हणतं, "दोन हजार मारा, बाकी तुमचं." मशीनमधून 2,000 ची स्लिप निघते, पण कॉम्प्युटरवर बिल 1,840 लाच बंद होतं. वरचे 160 बिलाच्या पैशांसोबत मालकाच्या खात्यात जातात. वेटरला सांगतात, महिनाअखेरी हिशेब करू. महिनाअखेरी आकडा कोणाकडेच नसतो. काउंटरवरच्या क्यूआर कोडचंही तेच.

दुसरी चोरी पॉइंटमध्ये, म्हणजे जमा टिप हुद्द्याप्रमाणे वाटायच्या हिश्शांमध्ये होते, आणि ती लवकर ध्यानात येत नाही. समजा, जमा टिप 6,600. कॅप्टन 2, प्रत्येकी 3 पॉइंट. वेटर 6, प्रत्येकी 2. हेल्पर 4, प्रत्येकी 1. एकूण 22 पॉइंट, म्हणजे पॉइंटला 300 आणि वेटरला 600. आता मॅनेजर आधी 'फूटतूट' म्हणून, म्हणजे फुटलेल्या भांड्यांच्या नावाखाली, 10 टक्के कापतो आणि स्वतःचे 5 पॉइंट घुसवतो. 5,940 भागिले 27, पॉइंट 220 वर येतो. वेटरच्या हातात 440. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात, टिपही बरी जमते. नेमके तेव्हाच हे जास्तीचे पॉइंट उगवतात. म्हणून रक्कम विचारू नका, एकूण पॉइंट किती आणि कोणाचे किती ते विचारा.

आता कायदा. टिपसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण 2016 मध्ये आयटीसी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की गिऱ्हाइकाने कार्डावर दिलेली टिप मालकाकडे विश्वस्त म्हणून येते. ती पगार नाही. खटला आयकराचा होता, तरी तत्त्व कामाचं आहे: पैसा मालकाचा नाही. याच निकालाची दुसरी धार मात्र अनेकांना लागते. तक्रारीत बुडालेला पगार आणि बुडालेली टिप एकाच आकड्यात लिहिली, की मालकाचा वकील हाच निकाल दाखवतो आणि म्हणतो, टिप पगार नाही, मग ती पगाराच्या दाव्यात कशी? दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहा. आणि ती पगार नाही म्हटल्यावर 'पगार आठ हजार, बाकी टिपमधून सुटेल' हा सौदाही टिकत नाही. किमान वेतन मालकाने स्वतःच्या खिशातूनच द्यायचं.

सर्व्हिस चार्ज ही आणखी एक भूल. गिऱ्हाइकाला वाटतं तो पोरांना मिळतो, पोरांना वाटतं तो सरकारला जातो. तो आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं. गिऱ्हाईक 1915 वर तक्रार करू शकतं. टिप द्यायची असेल तर रोख, वेटरच्याच हातात द्यावी.

नोंद रोजच्या रोज ठेवा. खिशातल्या वहीत तारीख, टेबल, बिल नंबर, बिलाची रक्कम, स्लिपची रक्कम, वरची रक्कम, इतकंच पुरे. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा फोटो काढू नका. उलट तुमच्यावरच बालंट यायचं. पॉइंटचा कागद भिंतीवर लागला तर त्याचा फोटो काढा आणि आकडा पटत नसेल तर मॅनेजरला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर विचारा. उत्तर नाही आलं तरी तुमचा प्रश्न तारखेसकट राहतो.

पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. अर्ज सिव्हिल लाइन्सच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्या. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन 15100.

काम सोडताना मात्र सगळ्यात जपा. हिशेबाच्या दिवशी कोऱ्या व्हाउचरवर महसुली तिकीट लावून पुढे सरकवतात, 'सही कर, रक्कम मागून भरतो.' त्यात नंतर 'टिपसह सर्व येणे मिळाले' असं भरलं जातं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या, कशाबद्दल आहे ते लिहून घ्या, आणि टिप बाकी असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'टिप बाकी' लिहा.