ड्राइव्ह-अवे ऑनिंग: खोली नंतर बघा, आधी बोगदा बघा (एका मोसमाच्या वापरानंतर)

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतले लोक सुटतील. एका जागी तीन-चार रात्री मुक्काम आणि दिवसा गाडी घेऊन भटकंती असा तुमचा शिरस्ता असेल, तर ड्राइव्ह-अवे ऑनिंग घ्याच, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीच्या कडेला जोडायचा असा तंबू, की गाडी सोडवून नेली तरी तो जागच्या जागी उभा राहतो. रोज नवं गाव करणारे असाल तर पैसे वाचवा. गाडीच्या कडेला गुंडाळी उलगडून येणारं छत असतं, तेवढं तुम्हाला पुरे.

आमची गाडी फोक्सवॅगन टी६, छप्पर वर उचलणारी. राहतो यॉर्कशरमध्ये. आम्ही दोघं, लेक, आणि उन्हाळाभर पुण्याहून आलेले आई-बाबा. एवढी माणसं त्या गाडीत झोपणं अशक्य, म्हणून हे ऑनिंग. हवेच्या नळ्यांवर उभं राहतं, आत आई-बाबांसाठी काळोखी कापडाची झोपायची खोली टांगता येते. एप्रिलमध्ये घेतलं, ऑक्टोबरपर्यंत वापरलं.

दुकानात उभी करून ठेवलेली ऑनिंग बघायला गेलं की सगळे आत शिरतात, हात पसरतात, "केवढी जागा आहे!" म्हणतात. खोली सगळ्यांचीच बरी असते हो. खरी गोम गाडी आणि खोली यांना जोडणाऱ्या कापडी बोगद्यात असते. रोज सकाळी सोडायचा तोच, संध्याकाळी जोडायचा तोच, आणि गळला तर गळणारही तोच.

बोगद्याची पहिली गोष्ट उंची. ती गाडीच्या टपापर्यंत मोजायची नाही. गाडीच्या कडेला वरती जी लांब खाच, म्हणजे पन्हळ असते आणि जिच्यात ऑनिंगची कड सरकवायची, तिथपर्यंत जमिनीपासून मोजायची. टी६ साधारण दोन मीटरची, त्यामुळे ती 'लो' गटात बसते, म्हणजे १८० ते २१० सेंमीच्या आसपास. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात. उंच गाडीचं ऑनिंग बुटक्या गाडीला लावलं की बोगद्याला पोट सुटतं आणि त्या पोटात पावसाचं पाणी साठतं. शेजारच्या बिऱ्हाडाचं असंच झालं होतं, आतून झाडूच्या दांड्याने ढोसून पाणी उडवत होते बिचारे.

दुसरी गोष्ट जोड. स्वस्तातला मार्ग म्हणजे टपावरून पट्टे टाकून पलीकडे बांधणं. पण छप्पर वर उचलणारी गाडी असेल तर ते पट्टे आडवे येतात, छप्पर उघडत नाही. पन्हळ असेल तर इंग्रजी आठाच्या आकाराची लवचीक पट्टी वापरायची: एका बाजूने गाडीची पन्हळ, दुसऱ्या बाजूने ऑनिंगची गोल कड. ही कड ४ मिमी किंवा ६ मिमी जाडीची असते आणि पट्टी दोन्हीकडच्या मापाची लागते. गाडीला फियामा किंवा थुले कंपनीचं गुंडाळी छत बसवलेलं असेल तर त्याच्या पन्हळीचं माप आधी विचारून घ्या. पट्टी घालताना थोडं सिलिकॉन फवारलं की लोण्यासारखी सरकते. कोरडी घालायला गेलात तर बोटांची सालं निघतात.

सकाळी गाडी काढणं पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी परत तिथेच लावणं, हा संसाराची परीक्षा बघणारा प्रकार. वीतभर पुढे-मागे झालं की बोगदा तिरका ओढला जातो आणि चेन लागत नाही. आमची युक्ती अशी: गाडी काढण्याआधी डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला अगदी लागून गवतात एकेक भडक रंगाची खुंटी ठोकायची. गाडी सपाट राहावी म्हणून चाकाखाली उंचवटे घातले असतील तर ते जागचे हलवायचे नाहीत. बाबा खुंटीपाशी उभे राहून "येऊ दे, येऊ दे, बास!" करतात. एरवी त्यांना कुणी काही करू देत नाही, त्यामुळे हे काम त्यांनी कायमचं स्वतःकडे घेतलंय.

आता वारा. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. इथल्या गाड्यांचं सरकतं दार डावीकडे, म्हणजे ऑनिंगही डावीकडे. गाडीचं तोंड आग्नेयेला केलं की गाडीच वाऱ्याला आडवी राहते आणि ऑनिंग तिच्या आडोशाला येतं. वाचायला झकास. पण तुम्ही गाडी घेऊन बाहेर पडलात की आडोसाही तुमच्याबरोबर गेला! आता बोगद्याचं मोकळं तोंड थेट वाऱ्याकडे. वेल्समधल्या पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर मुक्कामी परत आलो तेव्हा बोगदा शिडासारखा फुगलेला आणि दोन खुंट्या उपटलेल्या. म्हणून घेताना बघा: गाडी नसताना खोलीचं त्या बाजूचं दार पूर्ण बंद होतं का, बोगदा गुंडाळून बांधायला पट्टे आहेत का, आणि त्या बाजूला ताणदोर लावायची सोय आहे का. सोबत येणाऱ्या काडीसारख्या खुंट्या सरळ बाजूला ठेवा, जाड पोलादी घ्या. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर भटकंतीला जाताना आम्ही ऑनिंग आडवंच करतो. हवेचं असल्याने व्हॉल्व उघडले की काम झालं.

हवेच्या नळ्या की दांड्या, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला हवा आवडली, कारण हातपंपाने एकटा माणूस उभं करू शकतो. सकाळच्या गारठ्यात नळ्या जरा मऊ पडतात, दुपारी उन्हात टणक होतात. छिद्र पडलं असं समजून घाबरू नका. दांड्यांचं स्वस्त आणि हलकं पडतं.

पावसाची तक्रार नाही. कापडाची पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहितात, म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी ते झिरपणार नाही. आमचं ३००० चं आहे आणि लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेलच्या धो-धो पावसात टिकलं. सकाळी छताच्या आतून जे थेंब पडतात ती गळती नव्हे, आपल्याच श्वासांची वाफ आहे. वरच्या खिडक्या रात्रभर किलकिल्या ठेवा.

आईसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची ठरली: उंबरा. जमिनीचं कापड शिवलेलं असलं की किडे, पाणी आत येत नाही, पण दाराशी वीतभर कड उभी राहते आणि म्हातारी माणसं तिथेच अडखळतात. ही कड आडवी पाडता येणारं दार असेल तेच घ्या. चपला बाहेर, हे वेगळं सांगायला नको.

फोडणी मात्र बाहेर मोकळ्यावरच. मोहरी-हिंगाचा वास त्या कापडातून महिनाभर जात नाही. आणि कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत आणायची नाही, विझत आलेलीसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आम्ही आतल्या खोलीतही टांगलाय.

एक रड. जुलैमध्ये बोगद्याच्या कोपऱ्यातली कडेची शिवण उसवली. दुकानदार म्हणाला, "उत्पादकाशी बोला." इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार जबाबदारी विकणाऱ्याची असते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं. तेवढंच मेलमध्ये सभ्यपणे लिहिलं, फोटो जोडले. बोगदा बदलून मिळाला. पावती जपून ठेवा.

मुक्कामाच्या कॅम्पसाइटचं बुकिंग करताना ऑनिंग आहे हे आधीच सांगा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागतात. पावसात आवरावं लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उलगडून वाळवा. आमच्याकडे ते जिन्याच्या कठड्यावर पसरतं आणि दोन दिवस सगळे त्याच्याखालून वाकून ये-जा करतात.