जैववस्तुमानाचा भित्तितक्ता: जमिनीवर नेमका, जमिनीखाली अपुरा

जैववस्तुमानावरचे बहुतेक शैक्षणिक तक्ते प्राण्यांच्या चित्रांनी भरलेले असतात. मी पाहिलेल्या या भित्तितक्त्यात मात्र प्रत्येक सजीवगटाची चौकट त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात काढली आहे, आणि तक्त्याचे खरे मोल त्यातच आहे.

एखाद्या ठिकाणी असलेल्या सर्व सजीवांचे एकत्रित वस्तुमान म्हणजे जैववस्तुमान. जेलीफिशचे शरीर जवळजवळ पाण्याचेच असते आणि वृक्षाच्या लाकडात पाणी त्या मानाने पुष्कळ कमी असते, त्यामुळे ओल्या वजनांची तुलना फसवी ठरते; म्हणूनच तक्त्यातील सर्व आकडे कार्बनच्या वस्तुमानात दिले आहेत, हे योग्यच झाले. ते २०१८ साली यिनॉन बार-ऑन, रॉब फिलिप्स आणि रॉन मायलो यांनी प्रसिद्ध केलेल्या गणनेवर आधारलेले आहेत. त्यानुसार पृथ्वीवरील एकूण सुमारे ५५० अब्ज टनांपैकी ४५० अब्ज टन एकट्या वनस्पतींचे, ७० अब्ज टन जीवाणूंचे आणि १२ अब्ज टन बुरशीवर्गाचे आहे. सर्व प्राणी मिळून जेमतेम २ अब्ज टन भरतात, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा कीटक, कवचधारी अशा संधिपाद प्राण्यांचा आहे.

सस्तन प्राण्यांची चौकट सर्वांत परिणामकारक आहे. मानवजात सुमारे ६ कोटी टन, पाळीव जनावरे सुमारे १० कोटी टन आणि सर्व वन्य सस्तन प्राणी मिळून केवळ ७० लाख टन, हे तीन आकार शेजारी शेजारी पाहताना मन अस्वस्थ होते, आणि ते व्हायलाच हवे.

समुद्राचा भागही चांगला जमला आहे. तेथे भक्षकांचे (यात प्राण्यांबरोबर जीवाणू आणि इतर सूक्ष्मजीवही आले) वस्तुमान सुमारे ५ अब्ज टन आणि स्वतःचे अन्न स्वतः तयार करणाऱ्या उत्पादकांचे अवघे १ अब्ज टन आहे. पाण्यात तरंगणारे हे सूक्ष्म उत्पादक, म्हणजे वनस्पतिप्लवक, काही दिवसांत दुपटीने वाढतात व तितक्याच वेगाने खाल्ले जातात, म्हणून हा उलटा मनोरा टिकून राहतो, हे कारण चित्राशेजारीच थोडक्यात छापले आहे.

जमिनीखालच्या भागाला मात्र तळाशी एक अरुंद पट्टी मिळाली आहे, हा गंभीर दोष होय. जीवाणूंचे बहुतांश वस्तुमान खोल भूगर्भात आणि सागरतळाखाली आहे. शिवाय वनस्पतींचे सुमारे १३० अब्ज टन मुळांच्या रूपात मातीत आहे, आणि त्या मुळांचा येथे उल्लेखही नाही. जीवाणूंचा अंदाज दहापटीपर्यंत चुकू शकतो, तर वनस्पतींचा बराच अधिक विश्वसनीय आहे. तरीही दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत, कोणतीही मर्यादा न सांगता दिले आहेत.

माध्यमिक वर्गांसाठी मी या तक्त्याची शिफारस करतो. मुळे आणि भूगर्भातील जीवसृष्टी यांचे आकडे शिक्षकांनी फळ्यावर स्वतंत्रपणे लिहून द्यावेत.