अस्तर अस्सल, हॅट बनावट

जुन्या बोलर हॅट्स (गोल घुमटाच्या, केस किंवा लोकर दाबून केलेल्या कडक कापडाच्या, म्हणजे फेल्टच्या हॅट्स) विकत घेणाऱ्या आणि त्या घरी दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे. मला जी हॅट 'पहिल्या महायुद्धाच्या आधीची, लंडनची, मूळ अवस्थेतली' म्हणून विकली गेली, ती निरनिराळ्या हॅट्सचे भाग जोडून तयार केलेली निघाली. विकणाऱ्याच्या हातून हे नकळत झालेलं नाही. एकेक जोड लपवण्यासाठी त्याने घेतलेली मेहनत हॅट उघडल्यावर स्पष्ट दिसते, आणि मला सगळ्यात जास्त चीड तिचीच आली.

फोटोंत सगळ्यात ठळक होतं ते अस्तर. मोतिया रंगाचं साटीन, मधोमध सोनेरी शिक्का, लंडनमधल्या एका नामांकित दुकानाचं नाव आणि खाली पत्ता. त्या पत्त्यात 'एस. डब्ल्यू.' (लंडनचा नैऋत्य टपाल विभाग) एवढंच होतं, पुढे आकडा नव्हता. लंडनच्या टपाल विभागांना आकडे लागले १९१७ मध्ये. त्यामुळे आकडा नसलेला पत्ता दिसला की संग्राहक ती हॅट त्याआधीची असावी असं धरतात, आणि तसं धरण्यात काही वावगं नाही. अस्तर खरंच त्या काळातलं होतं. ही फसवणूक पूर्ण खोट्या वस्तूवर उभी नव्हती. एका खऱ्या तुकड्याच्या जोरावर बाकी सगळं खपवलं होतं.

मी विचारलेल्या प्रश्नांना त्याने पटापट उत्तरं दिली, तीही जाणकाराच्या भाषेत. आतली, कपाळाला टेकणारी चामडी पट्टी मूळची, बाहेरची फीत मूळची, कसर लागलेली नाही, काठाला तडा नाही. फक्त पट्टी उलटून आतल्या बाजूचा फोटो मागितला तेव्हा 'जुनं चामडं आहे, वाकवलं तर फाटेल' असं उत्तर आलं. हे कारण ऐकायला अगदी रास्त वाटतं. जुनं चामडं खरोखर भुसभुशीत होतं, बोटाला लालसर भुकटी लागते. म्हणूनच ही सबब इतकी सोयीची ठरते.

खोका उघडल्या उघडल्या बूट पॉलिशचा वास आला. पांढरं सुती फडकं किंचित ओलं करून काठाच्या खालच्या बाजूने हलकेच फिरवलं, तर फडक्यावर काळा, मेणचट पट्टा उमटला. जुनी काळी हॅट उन्हाने विटते, तपकिरी किंवा हिरवट दिसायला लागते. तो विटलेपणा पॉलिशखाली झाकला होता. त्याच पॉलिशखाली, काठ जिथे वर वळतो तिथे, नखात सहज अडकणारा एक तडाही होता. मेण आणि फेल्टचा भुसा एकत्र करून त्यात भरला होता.

मग बोटाच्या सांध्याने घुमटावर टकटक केली. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण बोलर हॅटची खरी ओळख तिच्या कडकपणात आहे. १८४९ मध्ये नॉर्फोकच्या कोक घराण्यातल्या एका गृहस्थाने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या लॉक अँड कंपनीकडे आपल्या शिकार-रक्षकांसाठी अशी हॅट मागितली, जी घोड्यावरून जाताना खालच्या फांद्यांचा मार सोसेल आणि डोक्यावर घट्ट बसेल. ती बनवून दिली थॉमस आणि विल्यम बोलर यांनी. ती घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने आधी हॅट जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय दिला आणि ती टिकली तेव्हाच घेतली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी कारागिरी तशीच आहे: सशाच्या किंवा तत्सम प्राण्याच्या बारीक केसांचं पातळ फेल्ट, आणि त्यात मुरवलेला चपडा, म्हणजे लाखेपासून काढलेली राळ. अशा हॅटवर टकटक केली की आवाज कोरडा आणि टणक येतो. माझ्या हातातल्या हॅटमधून आला तो पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज.

भिंगाखाली बघितल्यावर उरलीसुरली शंकाही फिटली. धागे जाड आणि कुरळे, म्हणजे साधी लोकर. बारीक केसांच्या फेल्टची लव आखूड, दाट आणि रेशमी असते. लोकरीचं फेल्ट जाड लागतं आणि बोटाला किंचित खरखरतं. (काही जण तंतू जाळून बघायला सांगतात. या फरकासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. लोकर आणि सशाचे केस दोन्हींना जळताना केसांचाच वास येतो. पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो, तेव्हा अस्तराच्या किंवा धाग्याच्या सुट्या टोकासाठी ही चाचणी चालते.) कडकपणा आणायला आतून पांढरा गोंद फासला होता. अस्तराखाली ओलं बोट लावलं तर बोट चिकटलं, आणि गोंदाची खपली निघून हातात आली.

आता चामडी पट्टी. ती सावकाश उलटली, आणि ती मुळीच फाटली नाही. दिसणारी बाजू गडद करून, घासून जुनी भासवली होती, पण फेल्टला टेकणारी बाजू कोरी, फिक्या रंगाची आणि स्वच्छ होती. वर्षानुवर्षं कपाळाला लागलेल्या पट्टीच्या मागे घामाचे डाग, तेलकटपणा आणि मळाची रेघ असतेच. पट्टीच्या शिवणीखाली फेल्टमध्ये सुईच्या भोकांच्या दोन ओळी होत्या. एका ओळीत आताचा टाका, दुसरी रिकामी. रिकामी ओळ म्हणजे आधीची पट्टी काढून टाकल्याची खूण. यूव्ही टॉर्चच्या उजेडात आताच्या टाक्याचा फिका धागा निळसर पांढरा चमकला. धाग्याला असा उजळपणा आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला वापरात आली, त्यामुळे १९१७ पूर्वीच्या मूळ शिवणीत ती असणं शक्यच नाही.

पट्टीमागे मापाची कागदी चिठ्ठीही खोचलेली होती, तिच्यावर ७ हा आकडा. ब्रिटिश माप ७ म्हणजे ५७ सेंटिमीटर. अमेरिकन हॅटवर त्याच मापाला ७⅛ लिहितात, हे लक्षात असू द्या. आतून टेप फिरवली तर घेर जेमतेम ५५ भरला. चिठ्ठी, अस्तर आणि हॅट यांचा एकमेकांशी संबंध नव्हता याचा आणखी एक पुरावा अस्तरातच होता. ते मोठ्या हॅटचं असल्यामुळे इथे बसवताना कडेला चुण्या घालून आत दुमडलं होतं. मूळ अस्तराच्या चुण्या सारख्या अंतराने पडतात. इथे मागच्या बाजूला सगळं कापड गोळा करून कोंबलं होतं, आणि फोटो काढताना नेमकी तीच बाजू सावलीत ठेवली होती.

शिक्क्याबद्दल एक गोष्ट नव्या संग्राहकांना फारशी कुणी सांगत नाही. अस्तरावरचं नाव बरेचदा दुकानाचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. स्टॉकपोर्ट आणि डेंटन या इंग्लंडमधल्या गावांतले कारखाने हॅट्स बनवत आणि दूरदूरची दुकानं आपापलं नाव छापून त्या विकत. म्हणजे अस्सल हॅटमध्येही शिक्का हा फार तर अर्धा पुरावा. हॅटची खरी किंमत फेल्टात, काठाच्या वळणात आणि शिवणीत असते. अस्तर तर कात्रीने दहा मिनिटांत निघतं.

दुरुस्तीला माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. मी स्वतः दुरुस्ती करते आणि मला ते काम मनापासून आवडतं. आटलेली पट्टी बदलणं, कसरीने खाल्लेली जागा त्याच रंगाच्या फेल्टच्या भुशाने भरणं, बसलेला काठ बेताने उष्णता देऊन पुन्हा वळवणं, यात काहीही गैर नाही. वाफ मात्र फार द्यायची नाही, चपडा मऊ होऊन घुमट बसतो. पण केलेली प्रत्येक दुरुस्ती घेणाऱ्याला सांगितली पाहिजे. बदललेल्या पट्टीला 'मूळ' म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि बूट पॉलिश ही दुरुस्तीच नव्हे. ते लवेत शिरून बसतं, ऊब लागली की वर येतं, आणि पुढे ती हॅट नीट करू पाहणाऱ्याचे हाल होतात.

लपवलेल्या दुरुस्तीत जिवाचाही प्रश्न आहे. पूर्वी फेल्टसाठीचे केस पाऱ्याच्या नायट्रेटने प्रक्रिया करून घेत. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये थांबवला गेला. जुन्या फेल्टमध्ये पारा अजूनही असू शकतो, त्यामुळे अशी हॅट सँडपेपरने घासायची तर हातमोजे आणि योग्य मास्क लागतोच, आणि ते काम स्वयंपाकघरात किंवा मुलांजवळ करायचं नाही. हॅटचा खरा काळ आणि तिच्यावर काय काय झालं हे दडवणारा माणूस घेणाऱ्याच्या तब्येतीशीही खेळतो.

पैसे देण्याआधी माझा आता आग्रह असतो तो असा: पट्टी उलटून पूर्ण घेर दाखवणारा व्हिडिओ, अस्तराची कड चारही बाजूंनी, काठाची खालची बाजू उजेडात तिरकी धरून, आणि आत टेप लावलेला फोटो. सोबत 'पट्टी, अस्तर, फीत मूळची आहे का' याचं लेखी उत्तर. चामडं फाटेल ही सबब सांगणाऱ्याला निदान एका बाजूला दोन बोटं पट्टी उचलून दाखवायला सांगा; जपून केलं तर तेवढ्याने सहसा फाटत नाही.

विक्रीच्या साइटकडे केलेली माझी तक्रार टिकली ती अशा लेखी उत्तरांमुळेच. त्याने नंतर जाहिरातीतला 'मूळ अवस्थेतली' हा शब्दप्रयोग बदलून 'जुन्या धाटणीची' असा केला, पण माझ्याकडे आधीचे स्क्रीनशॉट होते. मग त्याने निम्मे पैसे परत घ्या, हॅट ठेवा आणि चांगला अभिप्राय लिहा, असा सौदा पुढे केला. मी नकार दिला. हॅट परत पाठवल्यावर किंमत मिळाली, टपालखर्च बुडाला. ओळखीतल्या एका संग्राहकाला मात्र अशाच एका विक्रेत्याने 'शुल्क वाचेल' म्हणून साइटच्या बाहेर पैसे पाठवायला लावले. त्याला दमडीही परत मिळाली नाही, कारण तिथे दाद मागायला कुणी नसतं.

हॅट परत गेल्यानंतर काही आठवड्यांनी तेच अस्तर मला दुसऱ्या नावाच्या विक्रेत्याकडे, एका वेगळ्या हॅटमध्ये दिसलं. शिक्क्यातल्या पहिल्या अक्षराचं सोनं खालच्या टोकाला उडालेलं आहे आणि उजवीकडे मोहरीएवढा चहाच्या रंगाचा डाग आहे. मी ती जाहिरात साइटकडे कळवली आहे. मोतिया साटीन, आकडा नसलेला 'एस. डब्ल्यू.' पत्ता आणि हा डाग असं एकत्र कुठे दिसलं, तर शिक्क्यावर जाऊ नका, आधी पट्टीची मागची बाजू मागा.