हाताने फिरवायचं पास्ता मशीन : ओट्याला बसत नाही, पाटाला बसतं

मशीन चांगलंय पण ते ओट्याच्या कडेला आवळायचा क्लॅम्प एकदम बोगस, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम झालं.

तीन महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलं होतं, २,६०० रुपयांना पडलं. स्टीलचं, हाताने फिरवायचं, मध्ये लाटायचे रोलर आणि बाजूला कापायचे दोन कटर, एक रुंद एक बारीक. संभाजीनगरला माझ्या फ्लॅटमध्ये ते खोक्यातच पडून होतं कारण एकटीसाठी पास्ता कोण लाटत बसतं. मग परभणीच्या मैत्रिणीचा फोन आला, "दोन वर्षं झाली नुसतं येते येते म्हणायलीस, येणार कधी?" हॉस्टेलला असताना आम्ही दोघी मॅगीत टोमॅटो सॉस ओतून त्याला इटालियन डिनर म्हणायचो, तर म्हटलं या वेळी जरा खरंखुरं करू, मशीन पिशवीत टाकलं आणि शनिवारी सकाळच्या रेल्वेने निघाले. जड आहे हां, अडीच किलोच्या आसपास, पिशवीचा बंद जालना यायच्या आधीच तुटला.

तर क्लॅम्प. तो जेमतेम चार सेंटीमीटर उघडतो आणि आपले ओटे कडप्प्याचे, कडेला डबल पट्टी लावलेली, त्यात तो शिरतच नाही. डायनिंग टेबल काचेचं, तिथं लावायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघी मशीन हातात घेऊन घरभर फिरायलो आणि मैत्रिणीच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सोफ्यावर बसून बघायल्या. शेवटी त्याच उठल्या, माळ्यावरून शेवयाचा पाट काढायला लावला आणि म्हणाल्या, "अगं हे शेवयाच्या मशीनसारखंच तर हाय की, पाटाला आवळ आन एकीनं वर बस." बसलं! एकदम फिट. कंपनीने डब्यावर गोऱ्या बाईचा चकाचक किचनमधला फोटो छापलाय, त्याऐवजी पाटावर बसलेली बाई छापली असती तर माझा एक तास वाचला असता.

शनिवार असल्यामुळे अंडं घरात चालणार नव्हतं. पण अडलं नाही, कारण अंड्याचा पास्ता हा उत्तर इटलीतल्या बोलोन्याकडचा, तिकडे मऊ गव्हाचा मैदा आणि शंभर ग्रॅमला एक अंडं असा हिशोब असतो, आणि खाली दक्षिण इटलीत ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी बस्स. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. पाकिटातला सुका पास्ता तर इटलीत ड्युरमचाच करायचा असा १९६७ पासून कायदाच आहे तिकडे. आम्ही ४०० ग्रॅम बन्सी रवा आणला, मिक्सरला फिरवून चाळला, त्यात साधारण २०० मिली कोमट पाणी, दहा मिनिटं मळलं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवलं. कणीक पुरीपेक्षाही घट्ट पाहिजे. मैत्रिणीने सवयीने पुरणपोळीसारखी सैल केली होती, ती रोलरला जी चिकटली ती काढता काढता नाकी नऊ आले.

रोलर मात्र खरंच चांगले आहेत. सात नंबर आहेत, सगळ्यात रुंद फटीपासून सुरू करायचं, घडी घालून पाचसहा वेळा काढायचं आणि मग एकेक नंबरने पातळ करत जायचं, आम्ही पाचवर थांबलो. पट्टी अशी गुळगुळीत आणि एकसारखी येते की लाटण्याने जन्मात जमणार नाही. पहिला गोळा फेकून द्या, मशीनचं काळं तेल लागतं त्याला. आणि मशीन धुवायचं नाही, पाणी लागलं की गंजतं, वाळलेलं पीठ ब्रशने झाडायचं. हे पुस्तिकेत एवढ्या बारीक अक्षरात आहे की मी नंतर मोबाईलवर झूम करून वाचलं.

रुंद कटरही ठीक, साधारण सहा मिलीमीटरची पट्टी पडते. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली ताल्यातेल्लेचं, म्हणजे तिकडच्या रुंद पट्ट्यांच्या पास्त्याचं, माप रीतसर नोंदवून ठेवलंय, शिजल्यावर आठ मिलीमीटर, आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टी! त्यांच्या हिशोबाने आमचा पास्ता नापास असेल, जाऊ द्या. पण बारीक कटरचं कौतुक करायला मी तयार नाही, पट्ट्या अर्धवट कापल्या जातात आणि झालर झालर होते, दोनदा अडकलं, शेवटी नाद सोडला.

उरलेल्या गोळ्याचं आत्याबाईंनी काय केलं ते सांगायलाच पाहिजे. बोलता बोलता त्यांनी नखाने नखुले केले, नवी फणी मागवून तिच्यावर फणुले वळले, काडीवर सरगुंडे गुंडाळले. मी बघतच राहिले. इटलीत फणीसारख्या पाटीवर वळतात त्याला गार्गानेल्ली म्हणतात, लोखंडी सळईवर गुंडाळलेला फुसिल्लीचा प्रकार आहे, अंगठ्याने दाबून कानासारखे करतात ते ओरेक्किएत्ते. हे सगळं मी सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "मग त्यांनी आपल्याकडनं नेलं का आपण त्यांच्याकडनं?" मला काय माहीत! त्यांच्या लग्नात रुखवताला यातलं सगळं ठेवलं होतं म्हणे, आणि सरगुंडे आमरसासोबत खायचे असतात, लसणासोबत नाही, हेही ऐकून घेतलं.

सॉसमध्ये फार डोकं लावलं नाही. एक नेपल्सचं साधं, आल्यो ए ओल्यो, म्हणजे तेल आणि लसूण. ऑलिव्हची बाटली मी नेली होती पण घरात घाण्याचं करडईचं तेल होतं, मैत्रीण म्हणाली हेच घेऊ. मंद आचेवर गावरान लसूण, वाळलेली लाल मिरची, लसूण जरा बदामी झाला की बंद. ऑलिव्हचा तो किंचित कडूपणा नाही येत, खोटं कशाला बोलू, पण करडई सौम्य असल्यामुळे लसूण मस्त पुढं येतो. दुसरं टोमॅटोचं, त्यात बेसिल म्हणून कुंडीतल्या सब्ज्याची पानं, सब्जा म्हणजे बेसिलच की. ताजा पास्ता उकळत्या खारट पाण्यात तीन मिनिटांत होतो, नंतर वाटीभर ते पाणी सॉसमध्ये घाला, त्यातल्या स्टार्चने तेल आणि पाणी एकजीव होतं. परमेजान नव्हतं, चीजचा क्यूब किसला.

लाइट गेली म्हणून ताटं घेऊन गच्चीवर गेलो. तिची पोरं हाताने सुर्र करून खायली, आम्ही काटे आणले होते ते तसेच राहिले. पोरं झोपल्यावर दोघीच बसलो, तिने नोकरी का सोडली ते दोन वर्षांत फोनवर एकदा नीट सांगितलं नव्हतं, ते त्या रात्री सांगितलं, भांडी तशीच पडलेली.

मशीनला पाचपैकी साडेतीन. अर्धा क्लॅम्पसाठी कापला, एक बारीक कटरसाठी. घ्यायचं असेल तर आधी टेप घेऊन आपल्या ओट्याची कड मोजा. माझं सध्या परभणीलाच आहे, आत्याबाई म्हणाल्या उन्हाळ्याच्या शेवया होईस्तोवर राहू दे.