डिझाइन व्हेरिएबल कुठे बांधायचे: कॅडमध्ये, मेशमध्ये की सॉल्व्हरच्या फाइलमध्ये?

वाळूज, शेंद्रा, जालना, कुठल्याही एमआयडीसीत पत्र्याचे आणि वेल्डिंगचे पार्ट बनवणाऱ्यांना सिम्युलेशन आता नवं राहिलेलं नाही. एक डिझाइन लावून ‘पास की फेल’ एवढं सगळेच बघतात. अडतं ते पुढे. जाडी, बेंड रेडियस, भोकाची जागा बदलून पंचवीस-तीस पर्याय एका रात्रीत पळवायचे, तर हे बदलते आकडे, म्हणजेच डिझाइन व्हेरिएबल, ठेवायचे कुठे? कॅडच्या ड्रॉइंगमध्ये, मेशमध्ये (गणितासाठी पार्टचे केलेले बारीक तुकडे) की सॉल्व्हरच्या, म्हणजे ते गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये? उदाहरणाला नऊ फणी कल्टिव्हेटरचा ब्रॅकेट घेऊ. फण फ्रेमला धरून ठेवणारा, प्लेटचा, आणि मालकाला तो हलका करून हवाय.

सगळ्यांचा हात आधी कॅडकडे जातो. सॉलिडवर्क्सच्या डिझाइन स्टडीत एखादं माप सलग रेंज, ठरावीक किमती किंवा टप्प्यांची रेंज म्हणून देता येतं. अ‍ॅन्सिस वर्कबेंचमध्ये मापाशेजारच्या चौकटीत क्लिक केलं, ‘पी’ उमटला, की झाला पॅरामीटर. (सॉलिडवर्क्समधलं माप वर्कबेंचमध्ये दिसतच नसेल तर त्याच्या नावात ‘डीएस’ आहे का बघा. मूळ सेटिंगमध्ये वर्कबेंच त्या खुणेची नावंच उचलतं.) पैसे नसतील तर फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये सेलला नाव देऊनही हेच जमतं, कॉलेजच्या प्रोजेक्टला तेवढं पुरे. कॅडचा खरा फायदा शेवटी कळतो: जो पर्याय निवडाल त्याचं ड्रॉइंग हातात तयार असतं.

त्रासही इथेच जास्त. आपल्या ब्रॅकेटची फ्लँज (वाकवलेली कड) २५ ते ४० मिमी बदलायची आहे आणि १२.५ मिमीच्या भोकाचं केंद्र बेंडपासून २० मिमीवर पक्कं केलंय. फ्लँज २५ ला आली की भोक सव्वा मिलिमीटर फ्लँजच्या बाहेर! बोल्टची पकड लावायला भोकाचा पूर्ण गोलच उरत नाही, आणि रन तिथेच बसतो. म्हणून भोकाचं अंतर मिमीमध्ये न देता फ्लँजच्या रुंदीचा हिस्सा म्हणून द्या, निम्म्यावर म्हणजे निम्म्यावर. दुसरी भानगड मेशची. प्रत्येक पर्यायाला नवा मेश पडतो, त्यामुळे फिलेटजवळच्या (गोलावलेल्या कोपऱ्याजवळच्या) स्ट्रेसमधला थोडा फरक डिझाइनचा नसून मेशचा असतो. तिथे एलिमेंटचा (मेशच्या एका तुकड्याचा) आकार बांधून टाका, नाहीतर दोन पर्यायांतला फरक खरा की खोटा हे कळणार नाही.

दुसरा मार्ग मॉर्फिंगचा, म्हणजे तयार मेशच ओढून आकार बदलायचा. त्याचं गणित वेगळं. कंपनीकडून नुसती स्टेप फाइल किंवा तयार मेश आला, फीचर ट्री (कॅडमधली मापं आणि पायऱ्यांची यादी) नाही, तर हायपरमेशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोड (मेशचे बिंदू) ओढून आकार ‘शेप’ म्हणून साठवायचा. नोडचे नंबर तेच राहतात, त्यामुळे लोड आणि सपोर्ट हलत नाहीत. पण व्हेरिएबल मिमीत नसतो, साठवलेल्या शेपचा गुणक असतो: ० म्हणजे मूळ आकार, १ म्हणजे पूर्ण ओढलेला. अहवालात ‘०.६’ लिहून टूल रूमला पाठवलंत तर फोन येणारच. नवं भोक पाडता येत नाही, फार ओढलं तर एलिमेंट वाकडे होतात, आणि शेवटी तो आकार कॅडमध्ये हाताने परत काढावा लागतो. नाइलाज असेल तरच.

प्लेटच्या कामाला माझं मत तिसऱ्या मार्गाला. शेल मेश (प्लेटऐवजी तिच्या मधल्या पृष्ठभागाचा मेश, जाडी नुसता आकडा) एकदाच करायचा आणि जाडी सॉल्व्हरच्या फाइलमध्ये बदलायची. ऑप्टिस्ट्रक्ट किंवा नास्ट्रानमध्ये ‘डेसव्हार’ कार्डवर (फाइलमधल्या आज्ञेच्या ओळीवर) सुरुवातीची किंमत, खालची आणि वरची मर्यादा, आणि ‘डीव्हीप्रेल१’ने ती जाडीला जोडायची. कॅड उघडावंच लागत नाही, रन भराभर होतात. फाइल स्वतःच्या स्क्रिप्टने लिहिणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा: नास्ट्रानच्या छोट्या फॉरमॅटमध्ये एका आकड्याला आठच रकाने असतात, आणि जाडी ‘६’ नाही, ‘६.०’ लिहावी लागते. दशांश चिन्ह नसेल तर रन पडतो.

एक खोच मात्र लक्षात असू द्या. जाडी वाढली तरी मिडसरफेस, म्हणजे तो मधला पृष्ठभाग, जागेवरच राहतो. फ्रेमला दोन्हीकडून धरणाऱ्या प्लेट ६ च्या ८ केल्या, तर प्रत्येक प्लेट आतल्या बाजूला १ मिमी फुगते आणि मधली फट २ मिमीने घटते. मॉडेल चकार शब्द काढत नाही. फ्रेम आत जात नाही हे वेल्डरलाच कळतं.

जाडी सलग ठेवू नका. उत्तर ५.४ मिमी आलं तर ती प्लेट जालन्यातही मिळणार नाही. ५, ६, ८, १० अशा मिळणाऱ्या मापांचीच यादी द्या, ‘डीडीव्हॅल’ कार्ड त्यासाठीच आहे. उत्तर आल्यावर जवळच्या मापाला ओढणं धोक्याचं, कारण वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: ५ ची ६ केली तर वजन २० टक्के वाढतं, ताठपणा जवळपास ७३ टक्के.

स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) व्हेरिएबल करणारेही भेटतात. कशासाठी? स्टीलचा ग्रेड ई२५० घ्या नाहीतर ई३५०, बदलते ती यील्ड स्ट्रेंथ (कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा). ब्रॅकेट वाकायचा तेवढाच वाकणार. आणि मातीचा जोर डिझाइन व्हेरिएबल नव्हेच. फण किती खोल घालायचा हे शेतकरी ठरवतो, ओल कमी असताना काळी जमीन किती आवळून धरते हे जमीन ठरवते. दोन-तीन लोड केस करा आणि प्रत्येक पर्याय त्या सगळ्यांतून काढा.

व्हेरिएबल तीनच असले तर सेंट्रल कॉम्पोझिट आखणीत (सगळ्या जोडण्या न घेता मोजकेच रन निवडण्याची पद्धत) १५ रन लागतात, पाच असले तर २७. पाचही व्हेरिएबलच्या तीन-तीन किमतींची प्रत्येक जोडणी घ्यायची म्हटली तर २४३; एका रनला १५ मिनिटं धरली तरी साठ तासांवर. त्यामुळे आधी जाडी सॉल्व्हरच्या फाइलमधून उरकावी, मग उरलेली दोन-तीन मापं कॅडमध्ये घ्यावीत. आणि संध्याकाळी रन लावून घरी जाण्याआधी दोनच पर्याय हाताने चालवून बघा: सगळी मापं सर्वांत लहान, आणि सगळी सर्वांत मोठी. बहुतेक गडबडी त्या दोन टोकांनाच सापडतात.