डुक्कर फियाटची ‘स्पेशल’ पॉलिसी

पंधरा हजार नऊशे रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘एवढंच ना’ म्हणणाऱ्यांना पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. माझी झोप उडाली ती पैशांमुळे नाही. पाच महिने मी विमा नसलेली गाडी पुण्याच्या रस्त्यावर फिरवत होते आणि सोनेरी अक्षरांची एक फाइल जवळ बाळगून निर्धास्त होते, त्यामुळे उडाली.

गाडी बाबांची. 1957ची फियाट 1100. जुनी माणसं तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. समोरून एकदा बघितलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. पुढची दारं उलटी उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबांनी 1971 साली सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः पुसली. ते गेल्यावर आरटीओत खेटे घालून मी ती माझ्या नावावर करून घेतली. या धावपळीत तिचा विमा संपला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बाबा दरवर्षी एका सरकारी कंपनीच्या शाखेत जाऊन चेक देऊन यायचे. मी म्हटलं, आता कोण जातंय, ऑनलाइन काढू. तीन वेबसाइटवर प्रयत्न केला. गाडीचा नंबर जुन्या मुंबई राज्याच्या काळातला, एमएच वगैरे काही नाही. टाकला की लाल अक्षरांत ‘चुकीचा क्रमांक’. नंबर टाळून पुढे गेले तर मॉडेलच्या यादीत फियाट 1100 नाही. एका ठिकाणी उत्पादनाचं वर्ष निवडायच्या खिडकीत सत्तावन्नपर्यंत खाली सरकताच येईना. जुन्या गाडीवाल्यांना एजंट कसे सापडतात याचं उत्तर इथेच आहे. दार बंद दिसलं की माणूस खिडकीजवळ उभ्या असलेल्याशी बोलायला लागतो.

तो भेटला जानेवारी 2024मध्ये, जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात. ब्लेझर, गळ्यात कार्ड, कार्डावर ‘व्हिंटेज अँड क्लासिक इन्शुरन्स स्पेशालिस्ट’. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “ताई, पैठणी कुठल्याही लाँड्रीत टाकता का? मग हिला साधी पॉलिसी कशी चालेल?”

मला तिथेच जिंकलं होतं त्याने.

आठवड्याने घरी आला. तासभर गाडी तपासली. खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं, जिथे चिकटलं नाही तिथे बोटाने टकटक करून म्हणाला, “इथे पुट्टी आहे, पण हरकत नाही, रिपोर्टमध्ये लिहितो.” चेसिस नंबरावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसून फोटो काढला. असे चाळीसेक फोटो. चहा घेतला, साखर नको म्हणाला. इतकं बारकाईने बघणारा माणूस खोटा असेल असं मनातही येत नाही. आता वाटतं, त्या तासाभराचेच मी पैसे दिले.

मग आकडे. गाडीची ठरलेली किंमत साडेसहा लाख. नुकसान झालं तर घासाघीस नाही, घसारा नाही, म्हणजे भाग जुना म्हणून पैसे कापणं नाही. हप्ता 18,400, त्यातून ‘व्हिंटेज सूट’ आणि ‘क्लब सूट’ वजा जाता 15,900.

त्याचं कौशल्य असं की प्रत्येक थाप खऱ्या गोष्टीला टेकवलेली होती. गाडी पाच वर्षांहून जुनी असेल तर तिची विम्याची किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती कंपनी आणि ग्राहक मिळून ठरवतात, हे खरं आहे. पण कंपनीच्या वतीने ठरवायला हा कोण, हे मी विचारलं नाही.

‘व्हिंटेज’ या शब्दाचं तर वेगळंच प्रकरण आहे. 2021च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर. अशी नोंदणी असेल तर थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता निम्मा होतो. दुसरीकडे, विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे दरपत्रकात, व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली. माझी गाडी पहिल्या व्याख्येत बसू शकते, पण मी तशी नोंदणी केलेलीच नव्हती. दुसऱ्या व्याख्येत ती बसतच नाही. म्हणजे मला एकही सूट लागू नव्हती आणि त्याने दोन दिल्या. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण सूट मिळत असताना शंका काढणारं माणूस आमच्या घराण्यात झालेलं नाही.

पैसे यूपीआयने त्याच्याच नावावर पाठवले. “कंपनीच्या खात्यात मी भरतो ताई, स्पेशल डेस्कचं लॉगिन माझ्याकडेच असतं.” दोन तासांत पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली, चार दिवसांनी छापील प्रत, जाड कागद, सोनेरी अक्षरांची फाइल. कंपनी नावाजलेली, खरीखुरी. खुद्द कंपनीकडून मात्र ना मेसेज आला ना मेल. जे आलं ते सगळं त्याच्या फोनवरून.

मी अगदीच भोळी नव्हते. कंपनीच्या साइटवर जाऊन पॉलिसी नंबर टाकून बघितला. माझं नाव आलं, तारखा बरोबर, खाली हिरव्या अक्षरांत ‘चालू’. झालं समाधान. पॉलिसी खरी आहे एवढंच मी तपासलं; ती कशाची आहे हे नाही.

एक गोष्ट खटकली होती, तीही सांगते. कागदावर ‘क्युबिक कपॅसिटी’च्या, म्हणजे इंजिनाच्या सीसीच्या, रकान्यात 109 छापलं होतं. बाबांच्या जुन्या आरसी बुकात शाईने लिहिलेलं आहे 1089. मी फोन केला. तो हसला, “टायपो ताई. सिस्टीमला जुन्या गाड्या कळत नाहीत. दुरुस्ती काढून देतो.” मलाही वाटलं, एखादा आकडा छापताना गळला असेल. 109 सीसी म्हणजे काय, हे दारात स्कूटर उभी असलेल्या बाईला सुचू नये!

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी गाडीवर पडली. छत बसलं, पुढची काच गेली, बॉनेटवर घळ पडली. मी वाईटातही शांत होते, घसारा नसलेली पॉलिसी होती ना. क्लेमच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने पॉलिसी नंबर घेतला, थोडा वेळ गप्प राहिली.

“मॅडम, ही टू-व्हीलरची पॉलिसी आहे.”

“नाही हो, कार आहे. फियाट.”

“मॅडम, सिस्टीममध्ये स्कूटर दिसतेय. आणि थर्ड पार्टी ओन्ली आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम यात बसत नाही.”

फोन ठेवून छापील पॉलिसीच्या कोपऱ्यातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला. पाच महिने तो तिथेच होता. कंपनीची मूळ पीडीएफ उघडली: वाहन दुचाकी, 109 सीसी, नाव माझं, गाडीचा नंबर एमएच 12 मालिकेतला कुठला तरी, माझा काही संबंध नसलेला. हप्ता 714 रुपये अधिक जीएसटी. त्याने 843 रुपयांत माझ्या नावाने स्कूटरचा थर्ड पार्टी विमा ऑनलाइन काढला होता, पीडीएफमध्ये गाडी, चेसिस नंबर, रक्कम बदलली होती आणि 109 बदलायचा राहून गेला होता. क्यूआर कोडलाही त्याने हात लावला नव्हता, कारण तो कोणी स्कॅन करत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असणार.

छत, काच, रंग मिळून 52,000 रुपये खर्च आला. काच मिळायलाच दीड महिना गेला. मेस्त्री म्हणाले, “ताई, फांदीच पडली, कोणी माणूस खाली नाही आला, हे बघा.” ते सहज बोलून गेले, पण मला एप्रिलमधला कर्वे रस्ता आठवला. सिग्नलला एक कॉलेजचा मुलगा सायकल घेऊन अचानक पुढ्यात आला होता. या गाडीचे ब्रेक आजच्या गाड्यांसारखे नाहीत. आधी विचार करून दाबावे लागतात. वीतभर अंतरावर थांबली. त्याला धक्का लागला असता तर विमा नसल्याचा 2,000 रुपयांचा दंड ही किरकोळ बाब झाली असती. अपघात दावा न्यायाधिकरणाने जी भरपाई ठरवली असती ती माझ्या खिशातून, राहत्या घरातून गेली असती.

तक्रारीचं थोडक्यात. त्याचा फोन बंद. पोलीस चौकीत अर्ज घेतला. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, पाच महिन्यांनी खात्यात काही उरत नाही, हे तिथल्या हवालदारांनी समजावून सांगितलं. कंपनीने कळवलं की मूळ पॉलिसी थेट ग्राहकाने ऑनलाइन घेतलेली आहे, मध्ये एजंट नाही, तर आम्ही कोणावर कारवाई करणार? मला राग आला, पण त्यांच्या जागी ते चूक नव्हते. विमा लोकपालाकडे तक्रार विमा कंपनी किंवा तिच्या एजंट-ब्रोकरविरुद्ध चालते. ब्लेझरवाला त्यातला कोणीच नव्हता. त्याच मेळाव्यातले एक जीपवालेही त्याच्याकडून पॉलिसी घेऊन बसले होते. त्यांची अडचण दुहेरी. जीप त्यांनी तीन जीपमधून जुळवलेली, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं, आरसीवर अजून पेट्रोलच. अशा घरी बांधलेल्या गाडीला खरी पॉलिसी असली तरी क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर पहिला आरसी आणि गाडी ताडून बघतो. ‘मॉडिफाइड चालतं, बिनधास्त’ असं त्यांनाही सांगितलं होतं.

शेवटी गेले बाबांच्याच जुन्या शाखेत. अधिकारी बाईंनी आरसी, पीयूसी, फोटो मागितले, गाडी बघायला माणूस पाठवला. साडेसहा लाख म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं. परवानाधारक सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल आणला तेव्हा दीड लाखावर तयार झाल्या. घसारा आहेच: दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांचे निम्मेच पैसे मिळतात, रबर-प्लास्टिकचेही निम्मे, काचेला मात्र घसारा नाही. थर्ड पार्टीचा हप्ता 1000 ते 1500 सीसीसाठी ठरलेला 3,416 रुपये, वर जीएसटी. चेक कंपनीच्या नावाने. मेसेज कंपनीकडून आला. तिथल्या तिथे, काउंटरवर उभी राहून मी क्यूआर कोड स्कॅन केला, मूळ कागद उघडून चेसिस नंबर एकेक आकडा वाचला आणि 1089 दिसल्यावर मोबाइल बंद केला. बाई म्हणाल्या, “तुमचे वडील पण असंच सगळं वाचून बघायचे हो, मागे रांग लागली तरी.”

कंपनीकडे तक्रार केली तेव्हा त्यांच्या नोंदीत माझा फोन नंबर चढला. त्यामुळे 2025च्या जानेवारीत मेसेज आला: प्रिय ग्राहक, आपल्या दुचाकीच्या विम्याची मुदत संपत आहे, आजच नूतनीकरण करा.